सासूबाईंची पैठणी: धुण्याआधी काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंच्या १९६८ सालच्या लग्नातली हिरवी पैठणी गेली पंचवीस-तीस वर्षे लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांसह ठेवलेली होती. येत्या डिसेंबरमध्ये मुलीच्या लग्नात ती नेसवायची इच्छा आहे. पदराची जर काळवंडली आहे, दोन घड्यांवर रेशीम विरल्यासारखे दिसते, पदराजवळ हळदीचा एक डाग आहे, साडीच्या अंगावर तपकिरी रंगाचे तीन-चार डाग आहेत आणि गोळ्यांचा वास जात नाही. जाऊबाई म्हणतात, रिठ्याच्या पाण्यात धुऊन काढा. लाँड्रीवाले म्हणतात, ड्रायक्लीन आणि रोल पॉलिश करून नव्यासारखी करून देतो. यांतले काय करावे, पुढे ती टिकवावी कशी, आणि इतर, नव्या रेशमी साड्या घरी धुता येतात का?

ताई, या दोन्हींपैकी काहीही आत्ता करू नका. मी नाशिकमध्ये बत्तीस वर्षे रेशमी वस्त्रांची सफाई आणि दुरुस्ती करत आले आहे, आणि माझ्याकडे आलेल्या जुन्या पैठण्यांपैकी नेसून नेसून फाटलेल्या फार थोड्या होत्या. बाकीच्या एक तर ठेवणीत खराब झालेल्या होत्या, नाही तर घाईने केलेल्या सफाईत. म्हणून ‘कशी धुवावी’ याच्या आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: ही साडी धुणे सोसेल का, आणि जे घालवायचे आहे ते धुण्याने जाणारे आहे का. तुम्ही लिहिलेल्यांपैकी काळी पडलेली जर, विरलेल्या घड्या आणि वास या तिन्ही गोष्टी धुण्याने जाणाऱ्या नाहीत. त्यातल्या विरलेल्या घड्या तर धुण्याने हमखास फाटतील.

रेशीम हे आपल्या केसांसारखे, लोकरीसारखे प्रथिन आहे. कोशातून निघालेल्या कच्च्या धाग्यावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो. तो साधारण पाव हिस्सा वजनाचा भरतो आणि तो काढून टाकल्यावर जो मऊ, चमकदार धागा उरतो त्यालाच आपण रेशीम म्हणतो. सुती कापड सोड्याच्या पाण्यात उकळले तरी त्याचे फारसे बिघडत नाही, पण प्रथिनाला सोडा आणि इतर अल्कली हळूहळू खातात. आपली रोजची धुण्याची पावडर चांगलीच अल्कधर्मी असते, शिवाय बऱ्याच पावडरींमध्ये दूध, रक्त असे प्रथिनांचे डाग तोडणारी विकरे घातलेली असतात, आणि डागातले प्रथिन कोणते व साडीतले कोणते हा भेद त्या विकरांना करता येत नाही. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर रेशीम पिवळे पडून विरघळू लागते. त्यात भर म्हणजे ओल्या रेशमाची ताकद कोरड्या रेशमापेक्षा सुमारे पंधरा ते वीस टक्क्यांनी कमी असते. नव्या साडीला हे जाणवत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, प्लॅस्टिकमध्ये कोंडलेल्या साडीला मात्र तेवढे पुरते, कारण सहा वार रेशीम, जरीचा पदर आणि शोषलेले पाणी यांचे सगळे ओझे उचलताना हातात धरलेल्या वीतभर जागेवर येते.

जाऊबाईंचा सल्ला चुकीचा नाही, तो वेगळ्या वस्त्रासाठी आहे. आमच्याही घरी आजी मुकटा आणि कद ही सोवळ्याची साधी रेशमी वस्त्रे रिठ्याच्या पाण्यात धुवायची, कोशाचे ते वस्त्र वर्षानुवर्षे टिकायचे. पण त्या वस्त्रांना जरीचा भरगच्च पदर नव्हता, दोन-तीन गडद रंग एकमेकांना खेटून विणलेले नव्हते, आणि मुख्य म्हणजे ती सतत वापरात असल्यामुळे घडीवर मोडलेली नसायची. शालू आणि पैठणी त्याच आजीने कधी पाण्यात घातलेली मला आठवत नाही. ती नेसून झाली की रात्रभर घरातल्या दोरीवर मोकळी पसरली जायची आणि दुसऱ्या दिवशी घडी घालून पंच्यात बांधली जायची.

आता पाहणी. एका मोठ्या पलंगावर किंवा जमिनीवर स्वच्छ पांढरी सुती चादर अंथरा, बांगड्या आणि अंगठ्या काढा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा. साडी झटकून उघडू नका. घडीखाली तळहात सरकवून एकेक थर उलगडा. पूर्ण उघडून झाल्यावर ती दोघींनी मिळून आधाराने उचला आणि चादरीकडे पाहा. चादरीवर हिरवी भुकटी किंवा बारीक तुटके तंतू पडलेले दिसले, तर त्या साडीचे रेशीम आतून मोडत आहे असे समजावे. अशी साडी धुऊही नये आणि नेसूही नये. भुकटी नसेल तर घडीची जागा उजेडापुढे धरून पाहा. उभे धागे तुटून आडवे धागे नुसते लोंबत असतील तर ती जागा फाटली आहे. धागे सलग असून फक्त रेषा पांढुरकी दिसत असेल तर ती घासली गेली आहे आणि तिला आधार देता येतो. हा फरक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठे करून पाहिले तरी कळतो.

घडीवरच रेशीम का जाते, याचे कारण पैठणीच्या विणीत आहे. पदरावर जर वरून भरलेली नसते. आडवा धागाच जरीचा असतो आणि मोर, मुनिया, कमळ, असावली ही नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्यांनी जरीच्या आडव्या धाग्यांत गुंतवत विणलेली असते. म्हणूनच चांगल्या पैठणीचा पदर उलट-सुलट जवळजवळ सारखा दिसतो. पण याचा अर्थ असाही होतो की पदराच्या धातूचा सगळा भार बारीक रेशमी उभ्या धाग्यांवर असतो. घडी वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली की जरीची चपटी तार तिथे मोडते आणि तिची कड शेजारच्या रेशमाला कापत राहते. साडी कपाटात निवांत पडून आहे असे आपल्याला वाटत असते, आणि त्याच काळात हे कापणे चालू असते. नवी साडी पहिल्यांदा नेसण्याला आपण ‘घडी मोडणे’ म्हणतो. ठेवणीतल्या साडीची घडी दर तीन महिन्यांनी खरोखरच मोडून वेगळ्या जागी घालावी लागते.

जरीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी केलेली तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो. हाफफाइन जरीत तार तांब्याची असते, तिच्यावर चांदीचा थर आणि मग सोनेरी मुलामा असतो. अलीकडची नकली जर म्हणजे चकाकती प्लॅस्टिकची पट्टी असते. सुरत हे या सगळ्याच प्रकारांचे मोठे केंद्र आहे. तुमच्या साडीची जर कोणती हे कळण्यासाठी पदराच्या टोकाला सुटलेला एखादा तंतू मिळतो का ते पाहा, साडीतून ओढून काढू नका. तो नखाने हलकेच खरवडल्यावर आत पांढरी चमक दिसली तर चांदी, तांबूस दिसली तर तांबे. आतला धागा जाळल्यावर केस जळल्याचा वास आला तर तो रेशमी आहे, कागद जळल्याचा आला तर सुती, आणि आकसून कडक गोळी झाली तर कृत्रिम. ही परीक्षा फक्त सुटलेल्या तंतूवर, साडीपासून दूर, चिमट्यात धरून करावी.

चांदीची जर काळी पडते ती मळाने नाही. हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बनतो आणि मुलामा जितका झिजलेला तितका तो लवकर दिसतो. साडीला रबर लावून ठेवणे, तिच्यावर लोकरीची शाल घडी करून ठेवणे, या दोन्ही सवयी जर काळी करतात, कारण रबर आणि लोकर या दोहोंत गंधक असते. हा थर घालवायचा म्हणजे धातूच घासून काढायचा. चिंच, लिंबू, दात घासायची पेस्ट, तांब्या-पितळेची भांडी उजळायची पावडर, यांतले प्रत्येक मी साडीवर वापरलेले पाहिले आहे. पहिल्या दिवशी जर खरोखर झळकते. त्यानंतर मुलामा गेलेली चांदी पूर्वीपेक्षा वेगाने काळी पडते, तांब्याची जर असेल तर आंबटामुळे हिरवट डाग शेजारच्या रेशमात उतरतात, आणि पेस्टचे कण विणीत अडकून पांढरे राहतात. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याचा सोडा यांनी चांदीचे चमचे स्वच्छ होतात हे खरे आहे, पण त्यासाठी गरम अल्कधर्मी पाणी लागते आणि रेशमाला नेमके तेच चालत नाही. कोरड्या, मऊ, धुतलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्याने जरीवर नुसते दाबून धूळ टिपावी, यापलीकडे घरी काही करू नये. पन्नास वर्षांची जर थोडी सावळी दिसणे हे तिच्या वयाला शोभते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

याच संदर्भात एक कळकळीची विनंती करते. ‘जुन्या जरीच्या साड्या’ विकत घेण्यासाठी दारावर येणाऱ्यांना ही साडी दाखवू नका. ते साडी साडी म्हणून घेत नाहीत, ती जाळून तिच्यातली चांदी काढतात. अनेक घरांतल्या उत्तम पैठण्या आणि शालू या मार्गाने संपले आहेत, आणि त्यांच्यासोबत त्या काळचे रंग आणि नक्षीही गेली.

आता डाग. हळदीचा रंग करक्युमिनचा असतो आणि तो रेशमावर नुसता बसत नाही, रेशीम त्याने अक्षरशः रंगते. त्यावर साबण लावलात तर तो अल्कलीमुळे लाल होईल आणि घाबरून तुम्ही आणखी चोळाल. करक्युमिन उजेडाने फिके पडते, म्हणून सुती कपड्यावरची हळद उन्हात जाते. पण तोच उपाय रेशमाला लावला तर हळदीच्या आधी साडीचा हिरवा रंग आणि रेशमाची ताकद कमी होईल. हा डाग पदराजवळ आहे आणि बहुधा लग्नाच्या दिवसाचा आहे. माझ्याकडे अशी साडी आली की मी हळद तशीच ठेवण्याचा सल्ला देते आणि बहुतेक कुटुंबांना ते मनापासून पटते.

तपकिरी डागांचे दोन प्रकार असतात. डागाची कड गडद, रेखीव आणि आतला भाग फिका असेल, तर तो पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचा, बहुतेक वेळा साखरेचा असतो. हळदीकुंकवाला सांडलेले पन्हे किंवा सरबत वाळल्यावर दिसत नाही, साडी तशीच घडी करून ठेवली जाते, आणि काही वर्षांनी किंवा पहिल्या गरम इस्त्रीखाली तीच साखर तपकिरी होऊन वर येते. कड पुसट असून डाग उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने अधिकच्या चिन्हासारखा पसरलेला असेल, तर तो तेला-तुपाचा असतो. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ड्रायक्लीनिंगच्या द्रावकात तेल जाते, साखर जात नाही. साखरेचा डाग असलेली साडी ड्रायक्लीन करून तिच्यावर गरम प्रेस फिरवली की डाग पक्का होतो. म्हणून कोणत्याही सफाईवाल्याला साडी देताना डाग कशाचा असू शकेल हे आठवून सांगावे. साखरेचा डाग पाण्याने टिपून काढता येतो, पण ते काम सराईत हाताचे आहे. खाली पांढरे कापड ठेवून, कडेकडून मध्याकडे, पाण्याने जेमतेम दमट केलेल्या कापडाने टिपत जायचे आणि ओलसर जागेची कड लगेच पुसट करत न्यायची असते. नाही तर जुन्या डागाच्या जागी पाण्याचे नवे वर्तुळ उमटते.

रंगाची परीक्षा केल्याशिवाय तर पाण्याचा थेंबही नको. हे मी फार महाग शिकले. काम सुरू करून दुसरेच वर्ष असेल. एका बाईंची हिरवी साडी माझ्याकडे आली होती, काठ-पदर लाल. मी हिरवा रंग तपासला, तो पक्का होता, आणि काठ न तपासता साडी रिठ्याच्या पाण्यात घातली. दोन मिनिटांत लाल रंग फुटला आणि पदरावरच्या पोपटांच्या अंगात उतरला. ती त्यांच्या आईची साडी होती. त्यांनी मला एक शब्दही लागेल असा बोलला नाही, पण तो पदर मला आजही जसाच्या तसा दिसतो. तेव्हापासून साडीत जितके रंग तितक्या परीक्षा, हा माझा नियम आहे. आतल्या टोकाला, नेसल्यावर खोचला जाणाऱ्या भागात, प्रत्येक रंगावर ओले करून पिळलेले पांढरे सुती कापड पाच मिनिटे दाबून ठेवायचे. साध्या पाण्याने एकदा आणि ज्या द्रावणाने धुणार आहोत त्याने पुन्हा एकदा. कापडावर पुसटसा रंग आला तरी ती साडी पाण्यात जाणार नाही. मिठाच्या पाण्यात घातल्याने कच्चा रंग पक्का होतो हा समज सोडून द्यावा. थंड पाण्यात मुठीने मीठ टाकून रंग बांधला जात नाही.

तुमच्या पैठणीसाठी म्हणून माझा क्रम असा राहील. पहिले आठ-दहा दिवस ती प्लॅस्टिकबाहेर, पंखा असलेल्या खोलीत, थेट ऊन न येणाऱ्या जागी, चादरीवर सैल पसरून ठेवा आणि वरून पातळ मलमल घाला. डांबरगोळी वितळत नाही, तिची थेट वाफ होते. बंद पिशवीत ती वाफ कपड्यात मुरते आणि मोकळ्या हवेत हळूहळू निघून जाते. अत्तर किंवा सुगंधी फवारा मारून वास झाकू नका, त्यातल्या अल्कोहोलने रंग उठतो. वास पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको. घरात तान्हे बाळ असेल तर ही खोली वेगळी ठेवा, कारण काही बाळांच्या रक्तातील पेशी या वाफेने फुटतात आणि त्यांना गंभीर कावीळ होऊ शकते.

त्यानंतर जुना फॉल उसवा. पन्नास वर्षांपूर्वीच्या सुती फॉलमध्ये धूळ आणि घाम साठलेला असतो, शिवाय तो आटून काठाला ओढत असतो. उसवताना धागा ओढायचा नाही, दर दोन टाक्यांवर कापायचा. आतल्या बाजूला मातीची जी रेघ दिसेल ती मऊ कोरड्या ब्रशने, काठाच्या दिशेने हलकेच झाडायची. एवढ्यानेच साडी डोळ्यांना दिसेल इतकी उजळ होते.

आणि मग, साडी भुकटी न पडता टिकून असेल आणि तेलाचे डाग असतील तरच, ड्रायक्लीनिंगचा विचार करा. आपल्याकडे ज्याला पेट्रोल वॉश म्हणतात त्यात पाण्याऐवजी पेट्रोलियमपासून काढलेले द्रावक असते. त्यात रेशीम फुगत नाही आणि बहुतेक रंग हलत नाहीत. जुन्या साडीसाठी ते काम यंत्रात न फिरवता, जाळीच्या पिशवीत, हाताने करून मागावे. घरी पेट्रोल किंवा रॉकेल वापरून हा प्रयोग मात्र कधीही करू नये, नुसत्या ठिणगीने जीव जाऊ शकतो. रोल पॉलिशला तुम्ही स्पष्ट नकार द्या. त्यात साडीला खळीसारखे द्रावण लावून ती ताणून गरम रुळांमधून काढतात. धडधाकट साडीला काही वर्षांनी एकदा हे चालते आणि तिला चांगला ताठपणा येतो, पण तुमच्या साडीच्या विरलेल्या घड्या त्या ताणाखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडतील. शिवाय राहिलेली खळ कसरीला आमंत्रण देते.

विरलेल्या घड्यांना मागून आधार देता येतो. साडीच्या रंगाशी जुळणारा मऊ रेशमी तुकडा, आधी पाण्यातून काढून आटवलेला, घडीच्या दोन्ही बाजूंना तीन-चार बोटे जास्त येईल असा मागे ठेवून, बारीक सुईने आणि एकेरी रेशमी धाग्याने तुटके धागे त्याच्यावर टाचतात. टाके धाग्यांच्या मधून जातात, धाग्याला भोसकून जात नाहीत. चांगला रफूगर हे काम दोन-तीन दिवसांत करतो. शिंपी कदाचित इस्त्रीने चिकटणारे बकरम सुचवेल. ते करू देऊ नका. त्याचा गोंद पुढे पिवळा आणि कडक होतो, त्या कडेवर रेशीम नव्याने मोडते आणि गोंद मग निघत नाही.

मुलीला ती नेसवावी का, याचे उत्तर पाहणीनंतरच देता येईल. अंग धडधाकट असेल आणि फक्त दोन घड्या कमजोर असतील, तर आधार दिल्यावर मुहूर्ताच्या तास-दीड तासापुरती नेसवायला हरकत नाही. निऱ्या ठासून खोचू नयेत, सेफ्टी पिन पदराच्या जरीतून न घालता आतून लावलेल्या सुती पट्टीला घ्यावी, अत्तर आणि केसांचा फवारा साडी नेसण्यापूर्वी होऊन वाळलेला असावा, आणि जेवणाच्या पंगतीपूर्वी साडी बदलावी. अंगच विरले असेल आणि काठ-पदर शाबूत असतील, तर ते काढून नव्या रेशमी कापडावर बसवण्याची पद्धत आपल्या घरांतून पूर्वीपासून आहे. मला ती शेवटचा उपाय म्हणून मान्य आहे. कापण्यापूर्वी संपूर्ण साडीची उलट-सुलट छायाचित्रे जरूर काढून ठेवा. आणि साडी नुसत्या स्पर्शाने मोडत असेल, तर दुरुस्तीवाल्याकडे न जाता संवर्धकाकडे, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे निदान विचारणा करावी.

तुमच्या इतर, नव्या रेशमी साड्यांबद्दलही तुम्ही विचारले आहे. साधी, एकरंगी, जर नसलेली किंवा अगदी बारीक काठाची, रंगाच्या परीक्षेत उतरलेली साडी घरी धुता येते. दहा-बारा रिठे बिया काढून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावेत, सकाळी दहा मिनिटे उकळून दोनदा गाळावेत आणि ते पाणी आठ-दहा लिटर थंड पाण्यात मिसळावे. पांढऱ्या, मोतिया किंवा फिक्या साडीला रिठ्याचा तपकिरी रंग चढतो, तिथे लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण बरा. शिकेकाई तर गडद साडीलाच वापरावी. साडी पाच मिनिटांपेक्षा जास्त पाण्यात ठेवू नये, चोळू नये, पिळू नये, नुसती पाण्यातून वरखाली करावी. ओले रेशीम चोळले की त्याचे सूक्ष्म तंतू सुटून पांढुरका चट्टा पडतो आणि तो डाग नसल्यामुळे कशानेच जात नाही. बोअरचे जड पाणी असेल तर शेवटचे पाणी पावसाचे घ्यावे आणि त्यात पाच लिटरला एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर घालावे, म्हणजे साबणाचा राहिलेला अंश निघून चमक परत येते. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे, सावलीत वाळवावी, आणि किंचित दमट असतानाच उलट बाजूने, मध्ये मलमल घालून, कमी उष्णतेवर इस्त्री करावी. वाळलेल्या रेशमावर पाणी शिंपडून इस्त्री केली की ठिपके उमटतात. टसरवर तर हमखास.

भरजरी काठपदराची साडी मात्र नवी असली तरी मी घरी धुवायला सांगत नाही. जरीचा धागा आणि रेशीम एकसारखे आटत नाहीत, त्यामुळे काठ गोळा होतो आणि इस्त्रीने तो पूर्ण सरळ होत नाही. अशीच चूक फॉल लावतानाही होते. फॉल पाण्यातून काढून, वाळवून, त्याचा रंग जातो का ते पाहूनच लावावा. साडी नेसून झाल्यावर दर वेळी ड्रायक्लीन करण्याचीही गरज नसते. घाम मुख्यतः ब्लाउजमध्ये राहतो आणि बगलेत रेशीम कुजते ते घामातील क्षार आणि घाम रोखणाऱ्या प्रसाधनांतील अ‍ॅल्युमिनियमचे क्षार यांमुळे. ब्लाउजला सुती अस्तर असावे, बगलेत काढता येणारे स्वेट पॅड असावेत आणि ते त्याच दिवशी धुवावेत.

ठेवणीसाठी कोरी, खळ नसलेली मलमल दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन घ्यावी आणि प्रत्येक साडी वेगळी गुंडाळावी. पैठणीचा पदर आतल्या बाजूला, जरीवर जर येणार नाही असा मलमलीचा पट्टा मध्ये घालून ठेवावा. प्रत्येक घडीत मलमलीची सैल गुंडाळी घातली की घडी धारदार होत नाही. घरात जागा असेल तर जुनी पैठणी मलमल गुंडाळलेल्या जाड पुठ्ठ्याच्या नळीवर लांब गुंडाळून ठेवणे सर्वांत चांगले. हँगरवर टांगू नये, पदराच्या वजनाने ती खांद्याच्या रेषेवर ताणत राहते. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई आणि कागदाचे आम्ल दोन्ही उतरतात. वेखंड, लवंगा, कडुलिंबाची वाळलेली पाने यांची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, फक्त ती साडीला टेकू देऊ नका. पण कसर खरोखर दूर राहते ती स्वच्छ साडी ठेवल्याने आणि वारंवार कपाट उघडून पाहिल्याने. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, दमट दिवशी साड्या बाहेर काढू नका. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की एक दिवस सावलीत पसराव्यात, बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ते घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडावेत आणि घडी बदलून परत ठेवाव्यात.

पैठणीच्या मलमलीच्या एका कोपऱ्याला पांढऱ्या सुती फितीचा तुकडा शिवून त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा: कोणाची साडी, कोणत्या सालची, जर कोणती निघाली, कोणते रंग कच्चे आहेत, कधी आणि कशाने साफ केली, आधार कुठे दिला आहे. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या साड्यांवर अशी चिठ्ठी असती तर त्यातल्या कित्येक साड्यांवर मला कमी हात लावावा लागला असता. तुमची पाहणी झाली की चादरीवर भुकटी पडली की नाही आणि घडीचे उभे धागे सलग आहेत की तुटले आहेत, एवढे दोन तपशील कळवा. त्यावरून रफूगराकडे जायचे की संवर्धकाकडे, हे निश्चित सांगता येईल.